वाचकांचे प्रश्न : ‘मी असाच आहे’ आणि रोजच्या सवयी

स्वतःविषयीची धारणा आणि रोजच्या लहानसहान सवयी यांच्या संबंधावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे आहे. दरवर्षी मी पहाटे धावण्याचा निश्चय करतो आणि महिन्याभरात तो मोडतो. ‘सवय लावायची असेल तर आधी स्वतःची ओळख बदला, मी धावपटू आहे असे स्वतःला रोज बजावा’ असा सल्ला मी अनेक ठिकाणी वाचला आणि तसे करूनही पाहिले, पण ते मला स्वतःलाच खोटे वाटते. आधी ओळख बदलावी की आधी सवय?

उत्तर : ते खोटे वाटते यात तुमच्या मनाचा काही दोष नाही. धावल्याच्या आठवणीच गाठीशी नसतील, तर मनाने अशा घोषणेवर विश्वास का ठेवावा? डॅरिल बेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. दुसऱ्या माणसाचा स्वभाव आपण जसा त्याच्या वागण्यावरून ओळखतो, तसाच स्वतःचा स्वभावही, विशेषतः आपल्याला नेमके काय वाटते हे आतून स्पष्ट नसेल तेव्हा, आपण स्वतःच्या वागण्याकडे पाहूनच ठरवत असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘आधी कृती’ असे आहे. मात्र ती कृती किती लहान असली तरी चालते, हे समजून घेण्यासारखे आहे.

जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. कॅलिफोर्नियातील काही रहिवाशांना त्यांच्या घरासमोरच्या हिरवळीवर ‘गाडी जपून चालवा’ असा एक मोठा आणि बेढब फलक लावू द्याल का, असे विचारण्यात आले, तेव्हा सुमारे १७ टक्के लोकच तयार झाले. दुसऱ्या एका गटाला त्याआधी सुमारे दोन आठवडे याच विषयावरची तळहातापेक्षाही लहान पाटी खिडकीत किंवा गाडीत लावण्याची विनंती केली होती. त्या गटातील सुमारे ७६ टक्के लोकांनी पुढे मोठ्या फलकालाही होकार दिला. लहान पाटी लावताना आपण ‘रस्त्यावरील सुरक्षेची काळजी घेणारा नागरिक’ होत आहोत असे त्यांच्या मनात आलेही नसेल. पण एकदा पाटी लागल्यावर स्वतःकडे पाहण्याची त्यांची दृष्टी किंचित सरकली असावी, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले.

यात एक अट आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही : कृती आपण आपल्या मनाने केली आहे, असे आपल्याला वाटले पाहिजे. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली बालवाडीतल्या, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रमाणपत्र देऊ असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतर मुलांच्या तुलनेत जेमतेम निम्मा वेळ चित्रे काढू लागली. कृतीचे श्रेय बक्षिसाच्या खात्यावर जमा झाले की ते आपल्या ओळखीच्या खात्यावर जमा होत नाही. एखाद्या पैजेसाठी, किंवा डॉक्टरांनी दरडावले म्हणून धावणारा माणूस महिनाभर नियमाने धावूनही स्वतःला धावणारा मानत नाही आणि पैज संपली की थांबतो, याचे कारण बहुधा हेच असावे.

तेव्हा धावण्याचे अंतर तुम्ही स्वतः ठरवा आणि ते झोप अपुरी झाली असतानाही पार पडेल इतके थोडे ठेवा. त्याला वेळ आणि जागा यांची निश्चित गाठ घाला : ‘तोंड धुतल्यावर लगेच बूट घालीन आणि घराबाहेर पडून पाच मिनिटे धावेन.’ पीटर गोल्विट्झर आणि पॅस्कल शीरन यांनी २००६ साली अशा ‘अमुक झाले की तमुक करीन’ स्वरूपाच्या संकल्पांवरील ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला आणि नुसत्या इच्छेपेक्षा असे संकल्प लक्षणीय प्रमाणात अधिक पार पडतात, असे त्यांना आढळले. निश्चय मोडणाऱ्याची इच्छाशक्ती दुबळी असते असे म्हणण्याची रीत आहे; मला ती फारशी पटत नाही, कारण अनेकदा निश्चयात ‘कधी’ आणि ‘कुठे’ यांचा पत्ताच नसतो. ओळखीचा खरा उपयोग पुढच्या टप्प्यावर होतो. ‘आज जावे की नको’ हा पहाटेचा वाद मनात उद्भवेनासा होतो, कारण धावणाऱ्या माणसाला तो प्रश्न पडत नाही, आणि त्या टप्प्यावर आरशासमोर काही बजावण्याची गरजही उरत नाही.

प्रश्न : २१ दिवसांत सवय लागते, हे खरे आहे का? माझी साखळी १७ व्या दिवशी तुटली.

उत्तर : नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली असे निरीक्षण नोंदवले होते की, शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्यास रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे यातला ‘किमान’ गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी जगातली कोणतीही सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या गटाने ९६ लोकांच्या नव्या सवयींची १२ आठवडे नोंद घेतली, तेव्हा कृती पुरेशी आपोआप होऊ लागण्यास लागणारा काळ १८ दिवसांपासून, नोंदींवरून पुढे गणिताने काढलेल्या अंदाजानुसार, २५४ दिवसांपर्यंत पसरलेला आढळला. मधली संख्या ६६ दिवसांची होती. पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर अंगवळणी पडते, व्यायामाला बराच अधिक काळ लागतो. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या क्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. १७ व्या दिवशी तुटली ती दिवस मोजण्याची साखळी. सवय घडणे तेथून पुढे चालूच राहते. १८ व्या दिवशी नेहमीप्रमाणे सुरू करा.

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. लहानपणापासून घरात मला ‘वेंधळी’ म्हणतात. आज मी कार्यालयात दहा जणांचा विभाग सांभाळते, तरी घरी किल्ल्या, बिले, तारखा विसरते आणि प्रत्येक वेळी घरचे हसून म्हणतात, ‘ती अशीच आहे.’ आता मीही तेच म्हणू लागले आहे. इतकी जुनी ओळख पुसता येते का?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे. दहा जणांचा विभाग सांभाळणारी स्त्री सरसकट वेंधळी असू शकत नाही. तरीही ती गोष्ट तुमच्या स्वतःविषयीच्या हिशेबात धरली जात नाही, कारण एकदा बिरुद चिकटले की त्याला दुजोरा देणारे प्रसंग लक्षात राहतात आणि विरोधी प्रसंग ‘ते कामापुरते’ म्हणून बाजूला ठेवले जातात.

याला आणखी एक कारण आहे. वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी आपण त्या त्या क्षणी काय करत आहोत याच्या नोंदी दर तासाला ठेवल्या. नोंदलेल्या कृतींपैकी सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज, बहुधा त्याच जागी आणि बऱ्याचदा मन दुसरीकडे असताना घडत होत्या. तुम्ही रोज व्यवस्थितपणे पार पाडत असलेली अनेक कामे अशीच, नजरेआड, होऊन जातात. विसरलेली किल्ली मात्र दारात उभे करून अर्धा तास बोलते. अशा साक्षींवर स्वभावाचा निवाडा केला तर तो एकतर्फीच होणार.

आता थोडे कटू लिहितो, राग मानू नका. अशा बिरुदाचा आपल्याला फायदाही होत असतो. वेंधळ्या व्यक्तीकडे कोणी महत्त्वाचे कागद देत नाही, बिलाची तारीख दुसरे कोणी लक्षात ठेवते आणि चूक झाली तरी ती हसण्यावारी नेली जाते. ही सूट सोडण्याची तयारी आहे का, हे बिरुद पुसण्याआधी स्वतःला विचारून पाहा. तयारी नसेल तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण मग बदल का होत नाही याचे कोडेही पडू नये.

तयारी असेल तर संपूर्ण स्वभावाला हात घालू नका. किल्ल्यांसाठी दाराजवळ एक खुंटी निश्चित करा आणि दुसरे काहीही बदलण्याआधी ते एकच पाळा. पहिल्या काही दिवसांत पुन्हा चूक होईल, तेव्हा त्या चुकीचा तुम्ही काय अर्थ लावता यावर बरेच अवलंबून आहे. डॅफ्ना ऑयझरमन यांच्या संशोधनाचा रोख असा आहे की, एखादी गोष्ट अवघड जाते तेव्हा ‘हे माझ्यासारख्यांचे काम नव्हे’ असा अर्थ लावणारा माणूस ती सोडून देतो आणि ‘हे महत्त्वाचे आहे म्हणूनच अवघड जात आहे’ असा अर्थ लावणारा टिकून राहतो. यांपैकी कोणता अर्थ सुचेल हे आपण त्या कामाला आपले मानतो की नाही यावर ठरते. घरच्यांशी वाद घालू नका. ‘मी आता बदलले आहे’ असे जाहीर केलेत की पुढची प्रत्येक चूक ते मोजतील. बिलांपैकी एखादे बिल आपल्याकडे मागून घ्या आणि ते वेळेवर भरत राहा.

एक गोष्ट वेगळी नोंदवतो. विसरभोळेपणा, कामे अर्धवट राहणे आणि वेळेचा अंदाज चुकणे हे बालपणापासून आणि घर, काम अशा सर्वच ठिकाणी त्रास देत असेल, तर त्यामागे एडीएचडीसारखे (लक्ष टिकवणे अवघड करणारा एक विकार) कारण असू शकते आणि त्याची तपासणी मनोविकारतज्ज्ञाकडेच व्हावी. तुमच्या पत्रावरून तसे वाटत नाही, परंतु पत्रावरून निदान करता येत नाही.

प्रश्न : वरील प्रश्नाच्या उलट बाजू विचारतो. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला चांगल्या सवयी लागाव्यात म्हणून मी तिला ‘तू माझी मदतनीस आहेस’, ‘तू नीटनेटकी मुलगी आहेस’ असे मुद्दाम म्हणतो. चांगली ओळख देणे तरी योग्य ना?

उत्तर : काही अंशी. २०१४ सालच्या एका संशोधनात ३ ते ६ वर्षांच्या मुलांना ‘मदत करा’ असे सांगण्याऐवजी ‘मदतनीस व्हा’ असे सांगितल्यावर ती अधिक वेळा मदतीला धावली. पुढे दुसऱ्या संशोधकांनी याच प्रयोगात एक भर घातली : मदत करताना मुलांच्या हातून काहीतरी सांडेल किंवा बिघडेल अशी योजना केली. अशा अपयशानंतर ‘मदतनीस’ म्हटलेली मुले अवघड मदत करण्यास अधिक कचरू लागली. मला याचे आश्चर्य वाटत नाही. ‘मी मदत केली आणि ती फसली’ यात फक्त एक प्रयत्न फसतो. ‘मी मदतनीस आहे’ म्हणणाऱ्या मुलीचा मात्र सगळा मानच त्या सांडलेल्या पेल्याबरोबर खाली येतो. तेव्हा बिरुदे कमी द्या आणि जे घडले ते नाव घेऊन सांगा : ‘खेळणी तू स्वतःहून उचलून ठेवलीस, मला जागा मोकळी झाली.’ त्यावरून मी कशी मुलगी आहे, हे ती स्वतः ठरवेल, आणि तिने ठरवलेली ओळख तुमच्या दिलेल्या ओळखीपेक्षा अधिक टिकेल.

प्रश्न : मी तीन वर्षे रोज अर्धा तास एक परकीय भाषा शिकत आहे. एकही दिवस चुकवत नाही, ‘मी भाषा शिकणारा माणूस आहे’ हे माझ्या अंगात पूर्ण मुरले आहे. तरीही मला ती भाषा बोलता येत नाही. मग सवयींतून टिकाऊ फळ मिळते, हे कशावरून?

उत्तर : सवयीमुळे तुम्ही रोज पुस्तकापाशी बसता, एवढीच तिची हमी आहे. तेथे बसून काय करता, हे सवय पाहत नाही. उलट कृती आपोआप होऊ लागली की ती जशी आहे तशीच गोठते, चुकांसकट. अँडर्स एरिक्सन यांनी सहकाऱ्यांसह १९९३ साली मांडलेल्या विवेचनाचे सार असे की, कौशल्य वाढते ते आपल्या सध्याच्या कुवतीच्या किंचित पलीकडचे काम हेतुपूर्वक हाती घेऊन, चूक कोठे झाली हे लगेच कळून घेऊन आणि ती दुरुस्त करून. नुसत्या पुनरावृत्तीने आपण एका पातळीला पोचतो आणि तेथेच राहतो. वर्षानुवर्षे टंकलेखन करणाऱ्यांचा वेगही अशाच पातळीवर स्थिरावतो.

तुमच्या बाबतीत, मला वाटते, तुमच्या ओळखीनेच तुम्हाला अडवून धरले आहे. ‘शिकणारा’ या ओळखीचे समाधान रोजच्या अर्ध्या तासात पुरते होते, कारण तिची मागणी हजेरीपुरतीच आहे. ‘बोलणारा’ अशी ओळख हवी असेल तर तिला लागणारी साक्ष वेगळी आहे : अडखळणे, चुकीचे क्रियापद वापरणे आणि समोरच्याने दुरुस्त करणे. हे सर्व ‘शिकणाऱ्या’ माणसाला टाळता येते, आणि तीन वर्षे तुम्ही ते टाळले असावे. वेळ वाढवण्याची आवश्यकता नाही. त्याच अर्ध्या तासातील शेवटची दहा मिनिटे पुस्तक मिटून ठेवा आणि ती भाषा येणाऱ्या कोणाशी तरी बोला. तशी व्यक्ती रोज मिळणार नसेल, तर त्या दिवशी वाचलेला मजकूर स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगून ध्वनिमुद्रित करा आणि आठवड्यातून एकदा ते जाणकाराकडून तपासून घ्या.