जमीन विमानतळात गेली, मुलगीही जायलाच हवी का?

प्रश्न : आम्ही उलव्याचे. नवी मुंबईच्या नव्या विमानतळात आमची जमीन गेली. मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते, अकरावीला घसरली. विमानतळ दारात आलाय, घराजवळच नोकरी लागेल म्हणून एका इन्स्टिट्यूटमध्ये बीबीए एव्हिएशनला तिचं नाव घातलं. एकूण फी सहा लाख, त्यातले पंचवीस हजार डिपॉझिट भरले. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. पण ती ऐकत नाही. मोबाइलवर विमानं बघत बसते आणि कुठली फेरी का बंद झाली ते वहीत लिहीत राहते. त्यात काय एवढं? एसटीसारखंच, माणसं नसली की गाडी बंद. वहीच्या पानाचा फोटो पाठवतोय. तिला समजवा.
— एक पालक

उत्तर : समजवायचं आहे, पण तिला नाही.

तुमच्या पत्रात डिपॉझिटचा आकडा आहे, फीचा आहे, टक्क्यांचा आहे. मुलीला काय आवडतं याची मात्र एकच ओळ आहे आणि तीही तक्रार म्हणून. जमीन दिली, आता त्या जागेवर आपल्या घरातलं कुणीतरी दिसावं, ही तुमची इच्छा मला कळते. पण तो हिशेब तुमचा आणि जमीन घेणाऱ्या सिडकोचा आहे. तो मुलीच्या करिअरमध्ये वळता करू नका. तिने तिथे नोकरी केली म्हणून गेलेली जमीन परत येणार नाही आणि नाही केली तर तिने तुमचं देणं बुडवलं असंही होत नाही. अकरावीला मार्क का घसरले, हे तिला विचारलंत का? पत्रात तसं काही दिसलं नाही.

आता तो फोटो. तिने पाच रकाने आखलेत : फेरी, सुटण्याची वेळ, विमान, सीट आणि शेवटचा, ‘या वेळेला आता कोण?’ एका ओळीपुढे ‘भरून जायची, तरी बंद!’ असं लिहून लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलंय.

तुमची एसटीची समजूत नेमकी इथे अडते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. २०२४च्या फेब्रुवारीत केंद्राने तिथल्या गर्दीच्या वेळेतल्या फेऱ्या ताशी ४६ वरून ४४ वर आणल्या. अशा ठिकाणी कंपनीला विमानापेक्षा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, जास्त मोलाची असते. ७८ सीटचं एटीआर उडालं काय आणि २३२ सीटचं एअरबस उडालं काय, स्लॉट एकच खर्ची पडतो. म्हणून जवळच्या गावाची भरून जाणारी छोटी फेरी बंद होते आणि पहाटेची अर्धी रिकामी टिकते, कारण तिच्यातली माणसं पुढे त्याच कंपनीच्या परदेशी विमानात बसणार असतात. शिवाय जगभरचा प्रघात असा, की हंगामात स्लॉट किमान ८० टक्के वापरला नाही तर पुढच्या वर्षी त्यावरचा हक्क जातो. त्यामुळे कंपनी फेरी सोडते, वेळ सोडत नाही. त्या वेळेला दुसरं गाव बसवते. लंडनच्या हीथ्रोवर तर स्लॉटची विक्री होते. एअर न्यूझीलंडने लंडनची सेवा बंद करायचं ठरवलं आणि २०२० मध्ये तिथला आपला स्लॉट २.७ कोटी अमेरिकी डॉलरना विकला. आपल्याकडे असा सौदा करता येत नाही, त्यामुळे मिळालेली वेळ धरून ठेवण्याची धडपड आणखी मोठी. सगळंच कंपनीच्या मर्जीवर नसतं, हेही खरं. ईशान्य भारत, अंदमान अशा भागांत ठरावीक प्रमाणात विमानं चालवण्याचं बंधन सरकारने घातलंय.

तुमच्या मुलीला हे कुणी शिकवलेलं नाही. तरी पाचवा रकाना तिने आखलाच. विमान कंपन्यांत नेटवर्क प्लॅनिंगवाले, म्हणजे कुठली फेरी कुठे आणि कधी ठेवायची ते ठरवणारे, पगार घेऊन हाच रकाना भरतात.

बीबीए एव्हिएशनबद्दल स्पष्टच सांगतो. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे बहुधा चेक-इन काउंटर किंवा ग्राउंड स्टाफ. त्या जागा बारावीनंतर किंवा कुठल्याही पदवीवर मिळतात आणि कामाचं ट्रेनिंग कंपनीच देते. काम वाईट नाही, त्यासाठी सहा लाख मोजणं वाईट. पायलटचा विषय तिनेही काढलेला नाही, म्हणून मीही काढत नाही.

तिला संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन पदवी करू द्या, गणित सोडू देऊ नका, सोबत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू दे. पुढे ऑपरेशन्स रिसर्चकडे, म्हणजे गणिताने कामांची आणि साधनांची आखणी करण्याच्या शास्त्राकडे, वळता येईल, त्यासाठी पवईच्या आयआयटीत स्वतंत्र विभाग आहे. सीईटी, जेईई द्यायची असेल तर देऊ दे, इंजिनीअरिंगमधूनही या कामात जाता येतं.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. फेऱ्या कापण्या-वाढवण्याचे निर्णय उलव्यात होत नाहीत. इंडिगो आणि एअर इंडिया दोघांचीही मुख्यालयं गुरुग्रामला आहेत, अकासाचं मुंबईत. म्हणजे विमानतळ दारात असूनही मुलगी बाहेरगावी जाण्याची शक्यताच जास्त. मनाची तयारी आतापासून करा.

डिपॉझिटच्या पावतीवर पैसे परत मागण्याची मुदत दिलेली असेल, तर ती टळण्याआधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढचं पत्र मुलीला लिहू दे. लाल पेनाने अधोरेखित केलेल्या त्या फेरीच्या वेळेला आता कोण उडतंय, तो चौकोन फोटोत कापला गेलाय.