रॉड दादाकडंच राहू द्या

ताई,
मी कोल्हापूरचा, नोकरीमुळं पुण्यात असतो. आबांनी आम्हा दोघा भावांना लहानपणी पंचगंगेवर गळ टाकायला शिकवलं. पुढं मी ऑफिसच्या मित्रांबरोबर हिमाचलात तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंग शिकलो आणि आबांच्या पंचाहत्तरीला त्यांना भारीतला फ्लाय रॉड दिला. गेल्या दिवाळीनंतर आबा गेले. घर, शेती मला काही नको. फक्त तो रॉड हवा, मुलासाठी आठवण म्हणून. दादा देत नाही. वर त्यानं रीळावरची महागाची फ्लाय लाईन काढून साधा नायलॉनचा तंगूस भरलाय आणि गांडूळ लावून चिलापी धरत बसतो. शेवटी आबांचे हात कापायचे, गळ तोच बांधून द्यायचा, म्हणून रॉडवर आपला हक्क आहे असं त्याला वाटत असेल. दोन महिने आमचं बोलणं बंद आहे. त्याला कसं समजावू?
एक धाकटा भाऊ, पुणे

दादाला काही समजावायला जाऊ नका. आबांचे हात कापायचे आणि गळ दादा बांधून द्यायचा, हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. मी मात्र तिथंच थांबले.

गळ कसा बांधतात ते तुम्हाला माहीत आहे. तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्याच्याभोवती पाच-सहा पीळ द्यायचे, टोक मागं आणून पहिल्या फासातून काढायचं, थुंकीनं ओलं करून ओढायचं. कापणाऱ्या हातांचं घोडं नेढ्यापाशीच अडतं. अशा माणसाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चहा बशीत सांडतो, आणि तो चारचौघांत चहा घेणंच टाळायला लागतो. बंधाऱ्याजवळ दगडात, झुडपात, कुणी टाकलेल्या निर्माल्याच्या पिशवीत गळ अडकतो, तंगूस तुटतो, की पुन्हा बांधा. ज्या पोराला आपण हे शिकवलं त्याच्याचपुढं दर वेळी गळ धरायचा, हे बापाला सोपं जात नाही. बरेच जण अशा वेळी "आता नको, कंटाळा आला" म्हणून घरात बसतात. आबा बसले नाहीत. म्हणजे दादा गळ बांधून देताना त्यांना ओशाळं वाटू देत नव्हता. हे करायला फार मोठं मन लागतं आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक चांगला शब्द नाही.

आता रॉडचं बघू. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला ओझं नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली ती इवलीशी माशी. वजन असतं जाड लाईनला. लाईन मागं पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि नेमक्या क्षणी हात पुढं आणायचा, सगळा खेळ त्या ठेक्यावर. तीर्थनचं पाणी थंड, नितळ, वाहतं. इंग्रजांनी शंभरेक वर्षांपूर्वी हिमाचलात आणलेला ट्राउट मासा तिथं किडे खाऊन जगतो, म्हणून माशीला फसतो. आपल्याकडं पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र होऊन आलेलं पाणी बंधाऱ्यांनी अडवलेलं, संथ, गढूळ. त्यात रोहू, मृगळ, कटला, चिलापी. त्यांच्यासाठी कणकेची गोळी किंवा गांडूळच लागतं. सह्याद्रीतल्या एखाद्या खडकाळ, वाहत्या डोहात महसीर माशीवर येईलही, पण हात कापणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तिथं कोण उतरवणार?

म्हणजे तुम्ही दिलेल्या रॉडनं, तुम्हाला हव्या त्या पद्धतीनं, आबांना पंचगंगेत मासा मिळणं जवळजवळ अशक्य होतं. भेट निवडताना तुमच्या डोळ्यांसमोर तीर्थन होती, आबांचे हात नव्हते. हे वाचून वाईट वाटेल. वाटू दे.

ती लाईन दादानं कधी काढली, विचारलंत कधी? माझं मन सांगतं, आबा असतानाच. धाकट्यानं दिलेला रॉड घेऊन आबांना नदीवर बसायचं असणार. दादा तो कपाटावर टाकून त्यांच्या हातात नेहमीची बांबूची काठी देऊ शकला असता. त्यानं तंगूस भरला, गळ बांधला, गांडूळ लावलं आणि तुमची भेट आबांच्या उपयोगी आणली. त्याला तुम्ही नासाडी समजताय.

"घर, शेती मला काही नको" हे वाक्य तर मला मुळीच आवडलं नाही. उदारपणा दाखवायचा आणि त्या सकाळींमधलं दादाकडं जे एवढंसं उरलंय तेच मागायचं! तुमच्या मुलाला आबांची आठवण हवी ना? मग आबा शेवटी काय बोलायचे, मासा लागला की कसे हसायचे, हे त्याला सांगू शकणारा माणूस कोल्हापुरात आहे, आणि त्याच्याशी तुम्ही दोन महिने बोलत नाही.

येत्या रविवारी मुलाला घेऊन या. पाऊस लागायच्या आत. एकदा राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं चढायला लागलं की पुढं कितीतरी दिवस काठावर कुणाला बसता येत नाही; 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पहाटे दादाबरोबर नदीवर जा आणि एवढंच म्हणा, "दादा, आबांचा गळ कसा बांधायचास ते आम्हा दोघांना शिकव." तो आधी तुटक बोलेल. ऐकून घ्या. रॉडचा विषय तुम्ही काढायचा नाही, आणि त्यानं आपणहून पुढं केला तरी घ्यायचा नाही. मुलाला तो हातात धरावासा वाटेल तेव्हा त्यानं थोरल्या काकांकडं यावं.