पॉपअप उघडला, पण मागचं पान सरकतंच आहे

प्रश्न : माझ्या वेबपानावर पॉपअप उघडला तरी मागचं पान स्क्रोल होतं, टॅब दाबला की फोकस (कीबोर्ड ज्या घटकावर काम करतो ती जागा) मागच्या बटणांवर जातो आणि उघडताना पॉपअप अडखळतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : फोकसपासून करा. स्क्रोलचा त्रास डोळ्यांना दिसतो. फोकस हरवला की कीबोर्डवर काम करणारा माणूस अक्षरशः अडकून पडतो. मी एकदा फोकस धरून ठेवायला स्वतःच कोड लिहिला. पॉपअप बंद केल्यावर फोकस थेट पानाच्या सुरुवातीला गेला आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या सहकाऱ्याला अर्धा भरलेला फॉर्म पुन्हा शोधावा लागला. ते अजून मनाला लागून आहे. आता मी सरळ एचटीएमएलचा 'डायलॉग' टॅग घेतो आणि तो जावास्क्रिप्टच्या 'शो-मोडल'ने उघडतो. मागचं सगळं आपोआप निष्क्रिय होतं आणि बंद केल्यावर फोकस आधीच्याच बटणावर परततो.

स्क्रोल मात्र त्याने थांबत नाही. पॉपअप उघडा असेपर्यंत मूळ पानाला सीएसएसमध्ये 'ओव्हरफ्लो हिडन' द्या. स्क्रोलबार गेल्यामुळे पान बाजूला उडी मारत असेल, तर 'स्क्रोलबार-गटर स्टेबल' लावा.

अडखळण्याचं कारण बहुतेक अ‍ॅनिमेशनमध्ये 'हाइट' (उंची) किंवा 'टॉप' (वरून अंतर) बदलणं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि त्यात ब्राउझर दर वेळी मांडणी नव्याने मोजत बसतो. त्याऐवजी 'ट्रान्सफॉर्म' (सरकवणं, लहान-मोठं करणं) आणि 'ओपॅसिटी' (पारदर्शकता) बदला. ज्यांनी हालचाल कमी ठेवा असं सेटिंग केलंय, त्यांच्यासाठी अ‍ॅनिमेशन बंदच ठेवा. काहींना त्याने खरंच गरगरतं.