जनुक वडिलांकडूनही येते

प्रश्न : माझे वडील ५८व्या वर्षी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. आता त्यांच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, ४४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आहे. मी ४१ वर्षांची आहे. धाकटा भाऊ सिगारेट ओढतो. आईच्या माहेरी कोणालाच कर्करोग नाही, तेव्हा मला स्तनाच्या कर्करोगाची भीती नाही, असे एका नातेवाइकांनी सांगितले. ते खरे आहे का? मी जनुकीय चाचणी करावी का? की दर वर्षी सोनोग्राफी आणि सीए १९-९ ही रक्तचाचणी पुरेल?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या नातेवाइकांचा समज चुकीचा आहे, पण तो इतका सर्वत्र आढळतो की त्यांना दोष देता येत नाही. जवळजवळ प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. बीआरसीए-२ हे जनुक पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्याच्या कामात भाग घेते; त्यात जन्मजात दोष असेल, तर स्तन, बीजकोश, प्रोस्टेट आणि स्वादुपिंड या सगळ्यांच्याच कर्करोगाची शक्यता वाढते. असा दोष असलेल्या पुरुषाला स्वतःला स्तनाचा कर्करोग क्वचितच होतो, त्यामुळे दोष त्याच्यापाशी लपून राहतो आणि मुलीत किंवा बहिणीत उघड होतो. म्हणूनच वडिलांचा आणि आत्याचा आजार वेगवेगळे न धरता एकत्र पाहायला हवेत.

अर्थात दोन्हींचे मूळ एकच असेल, असे आज म्हणता येत नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या साधारण दहा रुग्णांपैकी एकाच्याच आजारामागे आनुवंशिक कारण असते. जनुकदोष निघालाच, तरी तो तुमच्यात आणि तुमच्या भावात उतरलेला असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असते; आणि बीआरसीए-२चा दोष असलेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यभरात स्वादुपिंडाचा कर्करोग होतो.

चाचणी जरूर करावी, पण सुरुवात तुमच्यापासून नको, आत्यापासून व्हावी. निरोगी माणसाच्या अहवालात काही सापडले नाही, तर घराण्यात दोषच नाही की आहे पण तुमच्यात उतरला नाही, हे कळत नाही. आत्याच्या रक्तात दोष सापडला, तर तुम्हा दोघांना नेमका तेवढाच तपासून घेता येईल आणि ‘नाही’ या उत्तराला खरा अर्थ येईल. आत्यामध्ये काही सापडले नाही, तरी विषय संपत नाही; वडिलांमधील दोष तिच्यात नसेलही, म्हणून त्यानंतर तुमची चाचणी करणे योग्य ठरते. अहवालात कधी ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असा शेरा येतो. त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये.

जनुकीय समुपदेशकांकडे जाण्यापूर्वी घरीच वंशवृक्ष काढून न्या : पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, निधन झालेल्यांवर तिरकी रेघ, आणि प्रत्येकाच्या शेजारी आजार व निदानाच्या वेळचे वय. आजोबांची भावंडेही लिहा. ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढेच माहीत असेल तर तेवढेच लिहा. अंदाजाने कर्करोग लिहू नका.

सोनोग्राफी आणि सीए १९-९ यांच्यावर मात्र विसंबू नका. स्वादुपिंड जठराच्या मागे, खोल दडलेले असते आणि आतड्यातील वायूमुळे सोनोग्राफीत त्याचा काही भाग बरेचदा दिसतच नाही. सीए १९-९ हा स्वादुपिंडाच्या कर्करोगात रक्तात वाढणारा पदार्थ पित्तनलिकेतील साध्या खड्यानेही वाढतो, आणि काहींच्या शरीरात तो मुळात तयारच होत नाही. ज्यांचा धोका खरोखर जास्त ठरतो त्यांच्यासाठी एमआरआय आणि एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे तोंडावाटे जठरात नळी घालून भिंतीपलीकडचे स्वादुपिंड जवळून पाहणे, या तपासण्या दर वर्षी करतात. बीआरसीए-२चा दोष आणि जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाला स्वादुपिंडाचा कर्करोग, असे दोन्ही असल्यास त्या पन्नाशीत, किंवा कुटुंबातील या कर्करोगाच्या सर्वांत कमी वयाच्या रुग्णाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू होतात. वडिलांचे वय ५८ धरले, तर तुमच्या बाबतीत ते ४८ येते. स्तनांच्या तपासण्या मात्र दोष आढळल्यास लगेच सुरू कराव्या लागतील.

भावाने मात्र कोणत्याही अहवालाची वाट पाहू नये. धूम्रपानाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट होतो, आणि ज्या घरात हा आजार आधीच आहे तिथे तो कमी वयात गाठू शकतो. जनुक बदलता येत नाही. सिगारेट आजही सोडता येते.