लेकीला फॅमिली थेरपी शिकवायची आहे

(कोल्हापूरच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी टी.वाय.बी.ए.ला, विषय मानसशास्त्र. 'फॅमिली थेरपीची प्राध्यापक होणार' म्हणते. त्यांचे प्रश्न असे: असा विषय तरी असतो का? पंचविशीच्या, लग्न न झालेल्या मुलीनं लोकांना संसाराविषयी काय सांगायचं? त्यापेक्षा बी.एड. करून मोकळी झाली तर?)

स.न.वि.वि.

विषय असतो: एकट्या माणसाऐवजी सगळ्या कुटुंबाला समोर बसवून केलेले मानसोपचार. पण त्या नावाचा स्वतंत्र विभाग शोधत हिंडाल तर आपल्याकडे फारसं हाती लागणार नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबांसाठी वेगळं केंद्र आहे. एरवी क्लिनिकल सायकॉलॉजी (मनोविकारांवर उपचार करणारं मानसशास्त्र), सायकिअॅट्रिक सोशल वर्क (मनोरुग्णांसाठीचं समाजकार्य) किंवा समाजकार्य विभागातले प्राध्यापकच हे काम करतात. थोडा वेळ कुटुंबं पाहायची, थोडा विद्यार्थ्यांची सेशन्स तपासायची आणि राहिलेल्या वेळात संशोधन.

या क्षेत्रात संशोधनाचे प्रश्न कुठून येतात, ते साल्वादोर मिनुशिन यांच्या कारकिर्दीत नीट दिसतं. हे १९२१ साली अर्जेंटिनात जन्मलेले बालरोगतज्ज्ञ, पुढे अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ झाले. न्यूयॉर्कजवळच्या विल्टविक शाळेत गुन्हेगारीकडे वळलेल्या गरीब घरांतल्या मुलांसोबत काम करताना त्यांना दिसलं, की मुलगा शाळेत सुधारतो, घरी गेला की पुन्हा पहिल्यासारखा. म्हणून त्यांनी सगळं घरच समोर बसवायला सुरुवात केली. पुढे फिलाडेल्फियात मधुमेही मुलं आली. हॉस्पिटलमध्ये इन्सुलिन व्यवस्थित लागू पडायचं, घरी गेल्यावर मूल पुन्हा अत्यवस्थ. मिनुशिन आणि सहकाऱ्यांनी आईवडिलांना वादाच्या विषयावर बोलायला लावलं आणि त्याच वेळी तिघांच्याही रक्तातली, ताणाबरोबर वाढणारी फॅटी अॅसिड्स मोजली. काही घरांत मूल त्या वादात ओढलं गेलं की आईवडिलांचा ताण उतरायचा, मुलाचा मात्र चढत जायचा. नवरा-बायकोचं भांडण लेकराच्या रक्तात मोजायची ही कल्पना मला आजही थक्क करते. हे काम १९७८ मध्ये पुस्तकरूपानं आलं. नंतर त्यावर टीकाही बरीच झाली. पुरावा अपुरा आहे, असं अनेकांचं म्हणणं पडलं. तेही मुलीनं वाचावं.

आता वयाचा प्रश्न. तिला पहिल्याच दिवशी एकटीला कुणी कुटुंबासमोर बसवत नाही. फिलाडेल्फियात शिकाऊ थेरपिस्ट आत बसायचा, गुरू एकतर्फी काचेमागून पाहायचे आणि गरज पडली तर सेशन चालू असतानाच फोन करून सूचना द्यायचे. सुपरव्हिजन आजही या शिक्षणाचा कणा आहे. शिवाय थेरपिस्ट काही संसाराचे सल्ले देत नाही. या घरात कोण कुणाशी बोलतं, कुणाच्या मार्फत बोलतं, कोण गप्प बसतं, हे ती पाहते आणि ते बदलायला मदत करते. त्यासाठी मंगळसूत्र लागत नाही.

ही सगळी अमेरिकेतली विद्या, असंही तुम्ही लिहिलंत. तसं नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू टाकून राहायला बोलावलं होतं. लंडनच्या संशोधकांना आढळलं होतं, की घरचे सतत टीका करत असतील किंवा फाजील गुंतलेले असतील तर स्किझोफ्रेनियाचा रुग्ण पुन्हा आजारी पडण्याची शक्यता वाढते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंडीगढच्या अभ्यासात अशी घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली. का? आणि आज कोल्हापुरात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये काय दिसेल? असे प्रश्न तिच्यासाठी इथेच पडलेले आहेत.

म्हणून तिला आधी विचारा, की कुणाच्या घराविषयी तिला कुतूहल आहे. आजारी माणूस असलेल्या घराविषयी असेल, तर मानसशास्त्रात एम.ए. आणि पुढे क्लिनिकल. इथे एक अडचण आहे. क्लिनिकलचा नेहमीचा मार्ग एम.फिल.मधून जायचा, ती यूजीसीनं बंद केली, क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुभा होती. त्यामुळे या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची ताजी परिपत्रकं वाचल्याशिवाय कुठेही प्रवेश घेऊ नका. घटस्फोट, हिंसा, व्यसन याकडे तिचा ओढा असेल तर समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. किंवा एम.ए. करावं, मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे संस्था. कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात, १९८४ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. तिथलं काम जवळून बघायला मिळालं तर सोडू नये. सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि पुढे प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. हवीच. नेटमध्ये जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या काळात विद्यावेतन मिळतं, तुमच्यावर भार कमी पडतो.

वेळ लागेल. पदवीनंतर सात-आठ वर्षं धरून चाला. कायम जागाही कमी आहेत, हे मी लपवणार नाही. पण हॉस्पिटल, संस्था आणि खासगी प्रॅक्टिस हे मार्ग तोवर बंद नसतात. बी.एड. वाईट नाही, पण तिनं ते मागितलेलंच नाही.

पत्रासोबत तुम्ही 'तीन महिन्यांत सर्टिफाइड फॅमिली थेरपिस्ट' अशी ऑनलाइन कोर्सची जाहिरात जोडली आहे. सुपरव्हिजन कोण करणार, किती कुटुंबं पाहायला मिळणार, यातलं एक अक्षर तीत नाही. पैसे भरू नका.