युरोपातल्या रेनेसाँस काळातल्या (१५वं-१६वं शतक) इमारतींच्या छतांवर अष्टकोन सगळीकडे दिसतात, मग पंचकोन का नाहीत?

मुख्य कारण कोनांचं. सम अष्टकोनाचा कोन १३५ अंशांचा. दोन अष्टकोन शेजारी ठेवले की उरलेल्या ९० अंशांत चौरस नेमका बसतो, फट राहत नाही. पंचकोनाच्या १०८ अंशांनी ३६० पुरे होत नाहीत. शिवाय रोममध्ये प्राचीन सम्राट मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकाच्या (भव्य सभागृहाच्या) छतातल्या खोलगट अष्टकोनी चौकटी समोर होत्याच.

पंचकोन काढता येत नव्हता असं मात्र नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ मध्ये कंपासचं माप न बदलता तो काढायची कारागिरांची रीत छापली. बाजू समान येतात, कोन जेमतेम अंशभर चुकतात. दगडावर ते कोणाला दिसणार! इटलीतल्या काप्रारोला गावचा फार्नेसे वाडा तर अख्खा पंचकोनी आहे, आणि त्याच्या पोटात गोल अंगण. मला ती जोडी फार सुंदर वाटते.