चॅट गेटवे बसवताना आणि काढताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

गेल्या काही दिवसांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी बिटलबी या गेटवेविषयी आहेत. २००२ पासून उपलब्ध असलेले हे मुक्त सॉफ्टवेअर वेगवेगळ्या चॅट सेवांतील संदेश आयआरसी या जुन्या, मजकुरापुरत्या गप्पांच्या पद्धतीच्या खिडकीत आणून देते, म्हणजे एका अर्थी दुभाष्याचे काम करते. त्यासाठी तुमच्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे सोपवावा लागतो. पुढील उत्तरे वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

प्रश्न : माझा भाऊ जहाजावर नोकरीला आहे. तिथले इंटरनेट तोकडे असल्यामुळे आम्ही एक्सएमपीपी या खुल्या चॅट पद्धतीच्या खात्यावरून केवळ मजकूर पाठवतो. डेबियन ही लिनक्स प्रणाली असलेल्या संगणकावर बिटलबी कसे बसवावे? (मडगाव)

उत्तर : भावाशी बोलण्यासाठी हे एकच खाते असेल, तर गेटवेची गरज नाही, गाजिम किंवा डिनो यांसारखा साधा प्रोग्राम पुरेसा आहे. आयआरसी तुम्ही रोज वापरत असाल आणि सगळे संदेश एकाच ठिकाणी हवे असतील, तरच या वाटेला जावे. तसे असल्यास डेबियनच्या स्वतःच्या भांडारातून, म्हणजे एपीटी इन्स्टॉल या आज्ञेने, बिटलबी घ्यावे. इतर कुठून उतरवलेली फाइल बसवू नये. त्यानंतर इर्सीसारख्या आयआरसी प्रोग्रामने आपल्याच संगणकाच्या ६६६७ या पोर्टला, म्हणजे जोडणीच्या क्रमांकाला, जोडणी केली, की नियंत्रणाची खिडकी आपोआप उघडते. तिथे रजिस्टर आज्ञेने एक मुख्य पासवर्ड ठरवावा आणि मग अकाउंट ॲड आज्ञेने जॅबर (एक्सएमपीपीचेच जुने नाव) प्रकारचे खाते जोडावे. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड याच मुख्य पासवर्डाने कुलूपबंद होतात, त्यामुळे तो इतरत्र कुठेही न वापरलेला असावा.

यातली एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्या खिडकीत पासवर्ड सरळ टंकला आणि आयआरसी प्रोग्राममध्ये संभाषणाची नोंद ठेवण्याची सोय चालू असली, तर तो पासवर्ड नोंदीच्या फाइलमध्ये उघड्या अक्षरांत उतरतो. म्हणून आज्ञेत पासवर्ड न देता ती तशीच पाठवावी आणि नंतर ऑपर या आज्ञेने तो वेगळा द्यावा.

प्रश्न : आमच्या देवस्थान समितीच्या कार्यालयात उबुंटू असलेला संगणक आहे. पूर्वीच्या कारकुनाने त्यावर बिटलबी बसवले होते. आम्ही ते रिमूव्ह आज्ञेने काढले. पण परवा पुन्हा बसवून पाहिले, तर जुन्या मुख्य पासवर्डाने सगळी खाती जशीच्या तशी उघडली. हे कसे? (फोंडा)

उत्तर : रिमूव्ह आज्ञा प्रोग्राम काढते, त्याच्या मांडणीच्या फाइल मात्र ठेवून देते, मांडणी फुकट जाऊ नये म्हणून हे मुद्दाम केलेले असते. डीपीकेजी या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या यादीत अशा पॅकेजपुढे आरसी ही दोन अक्षरे दिसतात. मांडणीही जावी, यासाठी पर्ज ही आज्ञा आहे. बिटलबी दोन पॅकेजांत विभागलेले असल्यामुळे बिटलबी आणि बिटलबी-कॉमन ही दोन्ही नावे तिला द्यावीत.

तुमच्या बाबतीत मात्र मी एवढ्यावर थांबणार नाही. प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाची एक एक्सएमएल फाइल व्हार फोल्डरातील लिबमध्ये, तिथल्या बिटलबी या फोल्डरात असते, आणि खाती त्याच फाइलमुळे परत आली. सॉफ्टवेअर आता पुन्हा बसलेलेच आहे, तर ते काढण्याआधी आत जाऊन ड्रॉप आज्ञेने नोंदणी पुसावी, मग सेवा थांबवावी, पर्ज करावे आणि ते फोल्डर खरोखरच नाहीसे झाले का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. त्या कारकुनाच्या होम फोल्डरातील आयआरसीच्या नोंदी आणि कार्यालयाच्या बॅकअपची डिस्कही तपासावी, कारण वरच्या उत्तरात सांगितलेले उघडे पासवर्ड तिथे सापडू शकतात.

हे सगळे झाले तरी समितीच्या नावाने असलेल्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड संबंधित सेवेवर जाऊन बदलावा आणि तिथे चालू असलेली जुनी सत्रे बंद करावीत. फाइल पुसल्याने तुमचा संगणक स्वच्छ होतो, पण ज्याला पासवर्ड ठाऊक आहे, त्याची वाट त्याने अडत नाही. त्या कारकुनावर संशय घ्यावा, असे मी मुळीच म्हणत नाही. कार्यालयातला माणूस बदलला की पासवर्ड बदलावेत, ही साधी शिस्त आहे.

प्रश्न : मॅकवर होमब्रू या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाने बसवलेले बिटलबी मी काढले, तरी संगणक सुरू होताच ते चालू करण्याचा प्रयत्न होत असल्याचे दिसते. (म्हापसा)

उत्तर : आधी ब्रू सर्व्हिसेस स्टॉप आणि मग ब्रू अनइन्स्टॉल, हा क्रम चुकलेला दिसतो. तुमच्या लायब्ररीतील लाँचएजंट्स फोल्डरात बिटलबीच्या नावाची पीलिस्ट फाइल (काय आपोआप सुरू करायचे, ते सांगणारी) राहिली असेल, तर ती काढावी. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर होमब्रूचे घर ऑप्ट फोल्डरात असते, इंटेलच्या मॅकवर यूझर-लोकलमध्ये. तिथल्या ईटीसी आणि व्हार या फोल्डरांतही काही उरले आहे का, ते पाहावे.

प्रश्न : याहू आणि आयसीक्यूची माझी जुनी खाती जोडली जात नाहीत. पुन्हा बसवून पाहू का? (डिचोली)

उत्तर : नको. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी आणि आयसीक्यू २६ जून २०२४ रोजी बंद झाले. पलीकडे सेवाच नसल्यामुळे कोणताही गेटवे तिथे पोहोचू शकत नाही. ती खाती अकाउंट डेल आज्ञेने काढून टाकावीत.

प्रश्न : आमच्या संगणक वर्गातील सगळ्या संगणकांना एकाच यंत्रावरचे बिटलबी वापरता यावे, म्हणून ते जाळ्यावर खुले करू का? (पेडणे)

उत्तर : आज आहे तसे करू नये. मांडणीच्या फाइलमध्ये डीमन-इंटरफेस ही ओळ १२७.०.०.१ या पत्त्यावर ठेवली, तर गेटवे फक्त त्याच यंत्राशी बोलतो. ती बदलून जाळ्यावर उघडली, की प्रत्येक विद्यार्थ्याचा मुख्य पासवर्ड वर्गाच्या जाळ्यातून उघड्या रूपात जातो आणि त्याच जाळ्यावरचा दुसरा कोणी तो टिपू शकतो. बाहेरून वापरायचेच असेल, तर पत्ता तसाच ठेवून प्रत्येकाला एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे सांकेतिक केलेल्या जोडणीतून, आत येऊ द्यावे. आत कोणाला घ्यायचे, हे ठरवणारी ऑथमोड ही ओळही ओपनवर न ठेवता क्लोज्ड करून वर्गाचा वेगळा पासवर्ड द्यावा. विद्यार्थी वर्ग सोडून जाईल, त्या दिवशी त्याला स्वतःच्याच हाताने ड्रॉप करायला लावावे, कारण त्याचा मुख्य पासवर्ड तुम्हाला ठाऊक नसणार, आणि तो नसावाही.